मामांनी पाहिलेला दिवा

माझ्या मुलीलाही जे ठाऊक नाही, ते आज तुमच्याजवळ बोलते आहे. तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही. कदाचित म्हणूनच जीभ जरा सैल झाली असेल. चर्चमध्ये पाळकांसमोर कितीदा तरी गुडघे टेकले, पण तिथेही हे ओठांवर आलं नाही. रागावले, खोटं बोलले, शेजारणीचा हेवा केला — असलं किरकोळ सगळं देवाला सांगून झालं. हे मात्र दर वेळी गिळलं. देवाला ठाऊक असतंच, मग सांगायचं कशाला, असाही एक शहाणपणा मी स्वतःला शिकवला होता.

गोष्ट एका वाक्याची आहे. ते वाक्य मी एका लष्करी अधिकाऱ्यापुढे बोलले, माझ्याच घरात, माझ्याच हातची करंजी त्याच्या बशीत असताना. पण ते वाक्य एकदम सांगितलं तर तुम्हांला त्याचं वजन कळायचं नाही. त्यासाठी आधी हवालदार मामा कळायला हवेत. आणि खरं सांगू? मामांविषयी बोलायला मला आवडतं. माझ्याविषयी बोलायचं तेवढं लांबणीवर पडतं.

राहुरीच्या पलीकडे, कालवा मागे टाकून वर चढलं की उघडा माळ लागतो. त्या माळावर दोनच घरं — एक माझं, एक मामांचं. बाकीची वस्ती खाली, उसाच्या कडेला. माळ संपतो तिथे लष्कराचं तारेचं कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे त्यांच्या सरावाची जमीन. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्या तोफेला हातातलं दुधाचं पातेलं सोडलं होतं. नंतर सवय झाली. आता तोफा वाजत असताना मी सुईत दोरा ओवते. नवरा गेल्यावर शिवणयंत्रानंच मला आणि करुणाला जगवलं. खालच्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक बाईचं माप माझ्या डोक्यात आहे, आणि कोण जाड झालं हे त्यांच्या नवऱ्यांच्या आधी मला कळतं.

आमच्याकडे रात्री आकाशात दिवा दिसला तर कुणी मान वर करत नाही. लष्कराचे दिवे असतातच. छत्रीला लटकून सावकाश खाली येणारा पांढरा उजेड, लाल ठिणग्यांची ओळ — पोराटोरांनाही ते ओळखू येतात. नवीन काही दिसलं की ‘आसंल लष्कराचं’ म्हणायचं आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड करायचं. आणि लष्कराला काही नवीन दिसलं की ते म्हणणार, गावाचं असेल. पण त्या वर्षी एका माणसानं मान वर केली.

शिवराम मामा हवालदार म्हणून निवृत्त झालेले. माझे ते नात्यानं कुणीच नाहीत. ते मराठा शेतकरी घरातले, आम्ही ख्रिस्ती. पण इथे आल्यापासून मी त्यांना मामा म्हणत आले आणि त्यांच्या बायकोला मामी. उंच, ताठ माणूस. मिशी अजून काळी ठेवायचा नाद, आणि त्यावरून मामी त्यांना येताजाता छेडायच्या. शेतात जातानासुद्धा बुटांची नाडी सारखी बांधणार. पण मामांचं खरं कौतुक त्यांच्या बुटांचं नव्हतं, त्यांच्या शब्दाचं होतं.

आमच्याकडे उसात बिबट्या असतो. ही काही बातमी नाही. खालच्या वस्तीत रोज कुणाला ना कुणाला बिबट्या दिसतो, आणि त्यातले निम्मे कुत्रे निघतात. मामा मात्र संध्याकाळी माळावरून उसाच्या कडेवर नजर फिरवायचे, आणि कधीतरी त्यांच्या ओट्यावरचा तेलाचा रिकामा डबा वाजायचा. तो वाजला की बायका धुणं तसंच टाकून घरात शिरायच्या, शेळ्या आत जायच्या, कडी लागायची. ‘खरंच का हो?’ असं त्यांना कधी कुणी विचारलं नाही. एकदा खालच्या सरपंचांनी वनखात्याच्या लोकांना सांगितलं होतं, मामांनी डबा वाजवला म्हणजे पिंजरा आणा, पंचनामा मागनं करू. एखाद्या माणसाच्या डोळ्यांवर अख्ख्या वस्तीनं असं निजावं — ही केवढी मिळकत आहे! मला फार हेवा वाटायचा. माझ्या शिलाईवरसुद्धा इतका विश्वास कुणी टाकला नाही.

माझ्या करुणाला लष्करी नर्सिंगची वाट त्यांनीच दाखवली. मला तर असं काही शिक्षण असतं हेही माहीत नव्हतं. मामांनी चौकशी केली, तिला पळायला लावलं, मुलाखतीला कसं उभं राहायचं ते ओट्यासमोर उभं करून शिकवलं. तिची निवड झाली तेव्हा माझ्याआधी त्यांचे डोळे भरले. ‘वर्दी चडवनार आमची पोर,’ असं ते खालच्या वस्तीत दोन दोनदा सांगून आले. आता फक्त पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी व्हायची राहिली होती. हे लक्षात ठेवा. नाही, ठेवूही नका — मी त्याचा आडोसा करणार नाही.

त्या पावसाळ्यात मामी गेल्या. झोपेतच गेल्या. मामा रडले नाहीत. ते नुसते उभे राहिले, जसे पहाऱ्यावर उभे असावेत. मी भाकरी नेऊन द्यायची, ते ताट घासून परत आणून द्यायचे. एकदा ताट देताना दारातच थांबले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, ‘सुमन, कुनाला सांगू नगंस. सकाळी च्या दोन कपात वतला जातो. आन मागनं आवाज बी येतो गं, आवो म्हून. वळून बगतो तर कोन न्हाई.’ एवढं बोलून ते निघून गेले. इतका ताठ माणूस, आणि आपल्या मनाची फट त्यानं मला दाखवली. मला त्या दिवशी स्वतःचा मान वाढल्यासारखा वाटला होता. कुणाला सांगू नकोस, असं ते म्हणाले होते. मी मान हलवली होती.

आता माझ्याकडे येते. यावंच लागणार.

मी मूळची खर्ड्याकडची. तिकडे आमची ख्रिस्ती घरं लांब लांब, एक या ओढ्याला तर दुसरं त्या टेकाडाला. माझे वडील वावडी करायचे. वावडी म्हणजे मोठा पतंग, माणसाच्या उंचीचा, बांबूच्या कामट्यांचा आणि कापडाचा. नाताळच्या आदल्या दिवशी, दिवेलागण झाली की ते टेकाडावर जाऊन वावडी चढवायचे आणि तिच्या दोरीला कागदाची चांदणी बांधायचे, आत छोटा दिवा. अंधार पडला की वावडी दिसायची नाही, नुसती चांदणी दिसायची, वाऱ्यावर सावकाश डुलणारी. ती दिसली की लांबच्या घरांतली माणसं भजनाला निघायची. ना फोन, ना घंटा. सगळ्या रानाला कळायचं की आज तारणारा जन्मला. मला वाटायचं, आपल्या बापासारखा माणूस जगात दुसरा नाही. अजूनही वाटतं.

त्या वर्षी वडीलही गेले. माहेरी घर आवरताना कामट्यांची जुडी सापडली, ती मी उचलून आणली. आणि नाताळ जवळ आला तसं माझ्या डोक्यात खूळ शिरलं. आपणही एकदा चढवावी. एकदाच. करुणा तिच्या मैत्रिणींबरोबर चर्चच्या कार्यक्रमाला शहरात होती. नाताळात तोफा बंद असतात, म्हणजे लष्कराचं लक्ष नसणार, असं मी समजले. किती भाबडी समजूत! तोफा बंद, आकाश रिकामं, आणि त्यात एकच दिवा. तो दिसणार नाही तर काय? पण मी खर्ड्याकडची ना. आमच्याकडे आकाशातला दिवा पाहून माणसं भजनाला यायची. इथे तो पाहून कुणी चौकशीला येईल, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

वावडीचं शेपूट मी ब्लाऊजांच्या उरलेल्या तुकड्यांचं केलं होतं. लांबलचक, रंगीबेरंगी, अर्धी वस्ती त्यात गोवलेली. चांदणीत बॅटरीचा बल्ब ठेवला. माळावर वारा चांगला होता. ती चढली — आणि काय सांगू तुम्हांला! पन्नाशीला आलेली बाई मी, पदर खोचून दोरी सोडत होते आणि लहान मुलीसारखी हसत होते. दोरी बाभळीला बांधून खाली बसले, वडिलांचं आवडतं भजन हळू आवाजात म्हटलं, रडलेही. एवढ्यात वाऱ्यानं मान फिरवली. वावडी झोकांडी खाऊन तिरकी पळाली, दोरी तुटली, आणि सगळं लटांबर कुंपणाच्या बाजूला बाभळवनात कुठेतरी पडलं. बल्ब विझला असावा. सकाळी शोधू, असं म्हणत मी घरात आले.

मामा त्या वेळी त्यांच्या ओट्यावर होते. मधे माझं घर आड, त्यामुळे मी त्यांना दिसले नाही. दिवा दिसला. त्यांनी मान वर केली आणि पाहत राहिले, शेवटपर्यंत. मग घरात जाऊन फोन लावला. कुंपणालगत ड्रोन किंवा कसलाही उजेड दिसला तर कळवा, असं लष्करानं सगळ्या गावांना बजावून ठेवलेलं असतं. ऐकतो कोण? मामांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी, ऐन नाताळच्या सकाळी, दोन जीपा माळावर आल्या. मी खिडकीतून पाहिलं. चूक कळली ती त्या क्षणी.

तपासाला आलेला अधिकारी मेजर होता, तिशीतला, उत्तरेकडचा. त्याची काम करण्याची रीत बघून मला वेगळ्या वेळी किती आनंद झाला असता! कुठे आवाज चढवणं नाही, कुठे हसणं नाही. तो मामांच्या ओट्यावर त्यांच्याच शेजारी बसला, त्यांच्याच बाजूला तोंड करून, म्हणजे त्यांना जे दिसलं ते कुठून दिसलं हे त्याला कळावं. हातानं कोन दाखवायला लावले. मग हिंदीत म्हणाला, हवालदारसाहेब, जे दिसलं तेवढंच सांगा, त्याचा अर्थ लावू नका. मामा त्याच्याशी त्यांच्या फौजी हिंदीत बोलले. आवाज नव्हता. दिवा एका जागी होता, पण डुलत होता. मग तिरका जाऊन खाली गेला. मेजरनं विचारलं, काय असेल? मी माझ्या अंगणात उभी राहून ऐकत होते. मामा म्हणाले, मालूम नहीं साहब.

त्या ‘मालूम नहीं’ची मला आजही भुरळ पडते. आमच्याकडे ज्याला काही माहीत नसतं तो सगळ्यांत जास्त बोलतो. खालच्या वस्तीत तोवर तीन जणांनी उडती तबकडी ठरवून टाकली होती, आणि एकानं तर तिच्यातून उतरलेली माणसंही पाहिली होती. जीपा दिसल्यावर मात्र हेच तिघं म्हणाले, आम्ही लवकर झोपलो होतो. मामांनी पाहिलं तेवढं सांगितलं, त्यात तिखटमीठ घातलं नाही, आणि जिथे त्यांचं पाहणं संपलं तिथे तेही थांबले.

मेजरला त्यांचं बोलणं पटलं होतं. पहाऱ्यावरच्या त्यांच्या जवानालाही त्या बाजूला काहीतरी उजेड वाटला होता, पण तो शुक्राचा तारा असेल असं त्याला वाटलं होतं. मेजर म्हणाला, उद्या सकाळी माणसं आणतो आणि कुंपणाच्या कडेची बाभळ पिंजून काढतो. आणि मग तो माझ्या घराकडे वळला. माळावर दुसरं घर माझंच ना.

नाताळ होता. मी फराळाची बशी पुढे केली. घरात आलेल्या माणसाच्या हातात नाताळला रिकामी बशी कशी ठेवणार? त्यानं करंजी उचलली, घरातली चांदणी बघून शुभेच्छा दिल्या आणि विचारलं, ताई, तुम्हांला काल काही दिसलं का?

मी म्हणाले, नाही.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. नाही, चाललं नसतं — पण एवढं तरी झालं नसतं. तो मान हलवून उठला, म्हणाला, हवालदारसाहेब बारकाईनं बघणारे आहेत, उद्या शोधात कळेलच. उद्या! उद्या बाभळीत काय सापडणार ते मला ठाऊक होतं. ब्लाऊजांचं ते शेपूट. खालच्या वस्तीतल्या कुठल्याही बाईला दाखवलं असतं तर ती एका नजरेत म्हणाली असती, ही आमच्या सुमनच्या मशीनची शिवण. मग पोलीस. मग करुणाची पडताळणी. आणि त्याहून — हो, हेही सांगतेच — लोकांचं हसू. विधवा बाई रात्रीची पतंग उडवते! पोरीचं भविष्य हे कारण मला नंतर फार सोयीचं वाटलं. त्या क्षणी मात्र मला दोन्ही भीती सारख्याच होत्या. कदाचित दुसरी मोठी होती.

मी म्हणाले, ‘साहेब, मामांचं मनावर घेऊ नका. मामी गेल्यापासून त्यांना भास होतात. मामींचा आवाज येतो. सकाळी दोघांचा चहा करतात.’

हेच ते वाक्य. हिंदीतच बोलले, मोडक्यातोडक्या, पण त्याला नीट कळलं.

मेजरचा चेहरा मऊ झाला. त्यानं बशी खाली ठेवली. मला म्हणाला, तुम्ही सांगितलंत ते बरं केलं, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. लक्ष ठेवा, मला! जाताना तो पुन्हा मामांकडे गेला, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, मामींविषयी, सकाळच्या दोन कपांविषयी काहीतरी बोलला, मोठ्या दवाखान्यात माजी सैनिकांना चांगले डॉक्टर आहेत म्हणाला. मामा ताठ उभे होते. मी पडद्याआडून पाहत होते. त्यांनी सलाम केला. जीपा गेल्या. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. जवानाला शुक्र दिसला आणि हवालदारांना भास झाला, असं ते प्रकरण मिटलं.

मी बाभळीतून सगळं गोळा करून चुलीत घातलं. वडिलांच्या कामट्याही.

मामांना कळलं होतं. दोन कपांची गोष्ट मेजरला कोण सांगणार? जगात एकाच माणसाला ती ठाऊक होती. संध्याकाळी ते ताट द्यायला आले. मी मान वर केली नाही. ते म्हणाले, ‘साहेब लई चांगला मानूस. डाक्टरला दाखवा म्हनला.’ मग जरा वेळानं, ‘तू माज्या भल्याचंच सांगितलं आसशील.’ मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर मी पाय धरून सगळं ओकले असते. निदान आता मला तसं वाटतं. पण त्यांनी फक्त एक विचारलं — ‘सुमन, खरं सांग. तुला न्हवता ना दिसला?’

इथे पुन्हा एक संधी होती. साधी, माझ्या दारात येऊन उभी राहिलेली. मी म्हणाले, ‘न्हाई मामा.’

‘मंग न्हवताच,’ ते म्हणाले.

बघा, त्यांचा माझ्यावर किती विश्वास होता. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त!

बातमी खाली गेलीच. शुक्राला भुलून लष्कर बोलावलं म्हणून लोकांनी त्यांना ‘शुक्राचार्य’ म्हणायला सुरुवात केली. मामाही हसायचे. एकानं तर विचारलं, मामा, आज आभाळात काय पिक्चर हाय? ते म्हणाले, ‘तिकीट काड, सांगतो.’ असा दिलदार माणूस. पण मी रोज बघत होते ना. आधी त्यांनी मोटारसायकल पोराकडे पुण्याला पाठवून दिली. मग रस्ता ओलांडताना थांबायला लागले, दोन्हीकडे बघून पुन्हा बघायला लागले. एकदा माझ्या अंगणात साप होता, तो दाखवून मला म्हणाले, ‘त्यो साप हाय ना गं?’ साप! शाळेतल्या पोरालाही ओळखता येईल असा. मी हो म्हणाले आणि घरात जाऊन तोंडात पदर कोंबला. आणि डबा — मामांचा डबा वाजायचा बंद झाला. खालच्या लोकांना वाटलं, बिबट्या गेला असेल.

करुणाची पडताळणी झाली, ती गेली. वर्दीतला पहिला फोटो तिनं मला पाठवायच्या आधी मामांना पाठवला.

मग पुढच्या वर्षीचा ऊसतोडीचा हंगाम आला. तोड सुरू झाली की बिबट्याला लपायला जागा उरत नाही, तो कडेला येतो. मामा उसाच्या बांधावर होते, मी कालव्यावरून धुणं घेऊन वर येत होते. त्यांच्यापुढे, पाचटात, बिबट्या बसलेला मला लांबूनही दिसला. मला दिसला तर त्यांना दिसला नसेल? ते त्याच्याकडेच बघत होते. पळाले नाहीत, ओरडले नाहीत. डोळे मिटले, डोकं झटकलं, पुन्हा उघडले. माणूस स्वप्नातून जागं व्हायला बघतो ना, तसं. आणि मग सावकाश एक पाऊल पुढे टाकलं, खरं की खोटं ते बघायला.

मी किंचाळले. बिबट्यानं झेप घेतली. तोडणीवाले कोयते घेऊन धावले म्हणून जीव वाचला, पण डावा हात खांद्यापासून फाटला होता. मी माझ्या धुण्यातली लुगडी त्यावर दाबून धरली आणि टेम्पोतून त्यांना नगरला नेलं. वाटेत ते शुद्धीवर होते. माझ्याकडे बघत नव्हते, वर बघत होते. मला वाटलं, आता काही खरं नाही.

दवाखान्यात टाके पडले, इंजेक्शनं झाली. मला आत सोडलं तेव्हा मामा उशीला टेकून बसले होते, चेहरा पांढरा पडलेला, आणि हसत होते. खरंखुरं, दात दिसेपर्यंत. मामी गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

‘सुमन,’ ते म्हणाले, ‘बिबट्या खरा हुता!’

मी मान हलवली.

‘म्हंजी डोळं शाबूत हायेत माजे. इतके दिवस मला वाटलं, गेलं आपलं डोस्कं. आता पोराकडं जाऊन पडावं लागतंय. पर न्हाई. खरा हुता त्यो!’

तुम्ही कधी पाहिलंय, एखादा माणूस फाटलेल्या हाताचा आनंद करताना? मी पाहिलंय. शेजारच्या खाटेवरचे लोक आमच्याकडे बघत होते. मामा त्यांनाही सांगत होते, बिबट्या खरा होता म्हणून, जसा काही त्यांनी तो जिंकून आणला होता. त्या वेळी मला त्यांच्याइतका मोठा माणूस आणि माझ्याइतकी खुजी बाई त्या खोलीत दुसरी कुणी दिसली नाही.

त्यांचा विचार पुढे चालला होता, मला तो त्यांच्या कपाळावर दिसत होता. ते हळूच म्हणाले, ‘मंग त्यो दिवा बी —’

आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मामांची ती नजर, जिच्यावर सगळी वस्ती निजायची, ती माझ्या चेहऱ्यावर होती, आणि तिला काय दिसलं नसेल? माझ्या तोंडात शब्द होता. हो मामा, एवढाच. मी चादरीची सुरकुती सरळ करत राहिले. शेवटी तेच म्हणाले, ‘जाऊ दे. तू सकाळधरनं उपाशी हायेस. जा, काय तरी खाऊन ये.’

मी गेले. खाऊन आले.

याला आता दोन पावसाळे झाले. मामांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, बोटांतही जोर उरला नाही. डबा ते उजव्या हातानं वाजवतात, आणि खाली पुन्हा कड्या लागतात. शुक्राचार्य हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. परवा नवीन सरपंचानं पाहुण्यांना त्यांची ओळख तशीच करून दिली, आणि मामांनी हात जोडले. मी तिथेच होते.

आत्ता मी मशीनवर बसले आहे. समोरच्या ओट्यावर मामा शेंगा फोडत बसलेत, एका हातानं, दातांत धरून. मी हाक मारली तर त्यांना इथून ऐकू येईल. तुम्हांला सगळं सांगितलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.